वर्षाच्या आत सिनेमा

आमच्या नणंदबाईंचा माझ्यावर अजून राग आहे, तो का ते ऐका. हे गेल्यापासून आमची सहा वर्षांची नात हसलीच नव्हती, म्हणून तिला कराटेवाल्या बदकाचा कार्टून सिनेमा दाखवायला विरारला निघाले. नणंदबाई दारात आडव्या आल्या.

"वहिनी, दादाला जाऊन वर्ष नाही झालं. गिरीजमध्ये लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. नवरा माझा गेलाय, लोकांचा नाही."

थिएटरात बदक लाथ मारायला गेलं आणि स्वतःच भाताच्या टोपात पडलं. पोर खुदकन हसली, माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर हात दाबला.

"हस की गं!"

"तू कुठे हसतेस, आजी?"

मग मी हसले. रडू गिळून, सगळं थिएटर वळून बघेल एवढ्या मोठ्याने हसले.