बिबट्याची सुट्टी आणि सत्तावीस फोटो

मंडळी, ऐका! आजच्या कीर्तनात एकच सवाल. काम करणं मोठं, की काम केलं असं दाखवणं मोठं? ... माना हलवू नका! खरं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे!

तर खडकमाळ नावाचं गाव. शाळेमागच्या मक्यात बिबट्या दिसला. झालं! शाळा बंद! बरोबरच आहे, पोरांच्या जिवाशी खेळ नको. वरून हुकूम आला — शिक्षण थांबता कामा नये, घरून चालू ठेवा, मोबाइलवर!

आता गंमत बघा. खडकमाळला रेंज येते कुठं? टेकडीवर! आणि बिबट्या राहतो कुठं? — अहो टाळकरी, टाळ कशाला थांबवलेत, तुम्हीच सांगा — टेकडीवर! वा रे शहाणपण! बिबट्याच्या भीतीनं शाळा बंद, आणि धड्यासाठी पोरं बिबट्याच्या दारात!

पाचवीत मयुरी बोऱ्हाडे नावाची पोरगी होती. हुशार! आठ दिवसांवर शिष्यवृत्तीची परीक्षा, सगळं पाठ, फक्त अपूर्णांक राहिलेले. तिची आई सिंधूबाई म्हणाली, "टेकडीवर जायचं नाही! परवाच तिथनं शेळी नेलीय."

"मग अपूर्णांक कोण शिकवील गं आई?"

सिंधूबाई स्वतः तिसरीत शाळा सोडलेली बाई.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुसरा हुकूम — प्रत्येक मूल घरी अभ्यास करतंय, याचा फोटो पाचच्या आत पाठवा! ढमाले गुरुजी तालुक्याला राहायचे. धावत आले! इतके दिवस मोटारसायकलला खडकमाळचा रस्ता सापडत नव्हता हो, फोटो म्हटल्यावर बरोबर सापडला!

पण वस्त्या लांब लांब. घरोघरी कोण हिंडणार? गुरुजींनी डोकं लढवलं. सत्तावीसच्या सत्तावीस पोरं बोलावली सरपंचांच्या पडवीत! एक सतरंजी, एक पुस्तक. "बस. खाली बघ. हसू नको, अभ्यास चाललाय! ... ऊठ. पुढचा!" पहिलीतलं पोर पाचवीचं गणित वाचतंय! सत्तावीस घरं, आणि प्रत्येक घरात मागं सरपंचांचाच सत्काराचा फोटो!

मयुरीची पाळी आली. फोटो निघाला. पोरगी उठेना.

"गुरुजी, सगळी आलोयच की आम्ही. तुम्हीबी आलाय. पुस्तकबी आहे. तेवढे अपूर्णांक शिकवा ना."

गुरुजींनी घड्याळ बघितलं. काय म्हणाले असतील? "अगं वेडे," म्हणाले, "आज शाळा बंद आहे ना!"

हसलात? हसा, हसा! गुरू समोर, शिष्य समोर, पुस्तक मांडीवर, आणि शाळा बंद! असा योग ऋषिमुनींच्या आश्रमातसुद्धा आला नसेल!

गुरुजींनी तालुक्याला जाऊन पाचच्या आत फोटो पाठवले. वरच्या साहेबांचा निरोप आला — उत्कृष्ट उपक्रम! तालुक्याच्या बाजारात ज्याला जशी रेंज मिळाली, तसा गावाच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. सिंधूबाईनंसुद्धा शेजारणीच्या मोबाइलवर लेकीचा फोटो बघितला, डोळे भरून.

परीक्षा झाली. अपूर्णांकांची सहा गणितं आली. मयुरीनं सहाही कोरी सोडली. यादी लागली, तिचं नाव नाही. पोरगी रडली नाही हो. आईला एवढंच म्हणाली, "आई, माझा फोटो चांगला आला होता ना गं?"

... आता हसा ना!

मला त्या पोरीचं वाईट वाटतं, आणि गुरुजींचा राग येतो. पण राग त्यांच्या एकट्याचा नाही! अंगठे कुणी दिले? सरपंचांची भिंत कुणाकुणाला ओळखू आली होती? सगळ्यांना! विचारलं कुणी? कुणीच नाही! आणि तुम्ही, मघाशी कीर्तनाचा फोटो काढून ग्रुपवर टाकलात, तुम्ही काय वेगळे? देवाला दाखवायला आलात की ऐकायला?

मोबाइल खिशात घाला. शेजारी बसलेल्या आपल्या लेकराला विचारा — बाळा, तुझं काय शिकायचं राहिलंय? विचारा, आत्ता, माझ्यासमोर! मृदंग थांबलाय. उत्तर ऐका, मग विठ्ठलाचं नाव घेऊ.