सत्तावीसपैकी तीन

नर्स : ...महिन्यापूर्वी सतरा, मागच्या खेपेला सहा आणि आज तीन?

मुलगी : मग चांगलंच की, ताई! उदासीच्या कागदावर आकडा जितका कमी तितकं बरं, असं तुम्हीच सांगितलंत. सत्तावीसपैकी तीन! आता का भुवया वर?

नर्स : झोपेची तक्रार शून्य, थकवा शून्य, भुकेची तक्रार शून्य. सगळ्या खुणा एका रांगेत. माणूस असा पट्टीने रेघ मारल्यासारखा बरा होत नाही.

मुलगी : आमचे बाबा शिस्तीचे आहेत. बससुद्धा रेषेच्या आतच चालवतात.

नर्स : आत्ता बाहेर बाकावर डुलक्या घेतायत.

मुलगी : पहाटेची ड्युटी होती.

नर्स : खुणा कोणी केल्या?

मुलगी : त्यांनी सांगितल्या, मी केल्या. चष्मा विसरले ते.

नर्स : मागच्या वेळीही विसरले होते. आणि ‘लक्ष लागत नाही’ यापुढे शून्य!

मुलगी : तुम्ही नर्स आहात की फौजदार? मीच तुम्हाला विचारते. हा कागद जातो कुठे?

नर्स : डॉक्टरांकडे.

मुलगी : आणि तिथून डेपोत! शेजारच्या काकांना एकदा चक्कर काय आली, दवाखान्याचा कागद साहेबांच्या टेबलावर. काका आता गाड्या धुतात. बाबांच्या हातून स्टिअरिंग गेलं तर ते घरी बसतील. आणि ते घरी बसले की काय होतं, ते मी बघितलंय.

नर्स : काकांनी रजेसाठी स्वतःच दाखला दिला असेल. बाबांच्या सहीशिवाय हा कागद या खोलीबाहेर जात नाही.

मुलगी : असं सगळेच म्हणतात. लेखी द्या.

नर्स : देते. पेन आण इकडे.

(नर्स दोन ओळी लिहून खाली सही करते. मुलगी त्या दोनदा वाचते.)

नर्स : झालं समाधान? आता ऐक. आकडा तीन म्हणजे डॉक्टर आज गोळी अर्धी करतील.

मुलगी : अर्धी? अहो, पण त्या गोळीनेच तर ते...

नर्स : ते काय?

मुलगी : दाढी करायला लागलेत. परवा माझ्या शाळेतल्या भाषणाची नक्कल करून दाखवली! झोप मात्र नाही. कूस बदलली की पलंग करकरतो, भिंतीपलीकडे मला ऐकू येतं.

नर्स : मग खरा आकडा किती?

मुलगी : अकरा. मागच्या वेळी चौदा होता. खरे आकडे माझ्या विज्ञानाच्या वहीत मागच्या पानावर आहेत.

नर्स : अगं वेडे, म्हणजे खरंच उतरतोय! गोळी तीच राहील. झोपेचं आणि गाडी चालवण्याचं मी बाबांशी बोलेन. डेपोशी नाही. पण या अकरात शेवटचा, नववा प्रश्न धरलास?

मुलगी : ...तो मी वाचतच नाही. आठ झाले की कागद मिटते. स्वतःच्या बाबांना कोणी असं विचारतं का?

नर्स : ते तुझं काम नव्हतंच. बोलाव त्यांना.

मुलगी : बाबा! आत या.

बाबा : काय झालं? ही उलट बोलली का काही?

मुलगी : बाबा, मी खोट्या खुणा करून आकडा तीनवर आणला. तुम्ही सांगितलेल्या नाहीत.

बाबा : हं. एवढा बरा असतो तर मला कळलं नसतं का?

नर्स : हा कोरा कागद. या खेपेला मी वाचते, आणि शेवटून सुरुवात करते. गेल्या दोन आठवड्यांत, ‘आपण नसतो तर बरं झालं असतं’ असं किती दिवस वाटलं?

मुलगी : बाबा, सांगा ना. नाही म्हणा.

बाबा : ताई, ही इथेच बसणार?

नर्स : तुम्ही म्हणाल तसं.

बाबा : जा बाळा, बाहेर बस थोडा वेळ. तू समोर असलीस की मला खरं सांगता येत नाही.