अण्णांचा माळढोक

...आन् ते बी रविवारी, बरं का! सहा दिवस नवी पेठेत गिऱ्हाइकापुढं साड्या उलगडायच्या, परत घड्या घालायच्या, सातव्या दिवशी माणसानं झोपावं, तर आमची वैजयंती अंधारातच पांघरूण वडती. "उठा, पक्षी बघायला जायचंय." आता तुमीच सांगा, पक्ष्यांना दिवसभर दुसरं काय काम असतंय? धा वाजता भेटत न्हाईत व्हय ते?

त्या पक्षीमंडळाचे कायदे तर ऐका. लाल शर्ट घालायचा न्हाय, बोलायचं न्हाय, खोकला आला तर गिळायचा. मग कुणीतरी कुजबुजतं, "त्या बाभळीवर, सुकल्या फांदीच्या वर, जरा उजवीकडं..." समदे दुर्बिणी लावत्यात. मी लावली की मला माज्याच पापण्या दिसत्यात! तवर मंडळातली सिद्धेश्वरीताई कानाशी हजर. "दिसला का?" न्हाय म्हनलं तर पुन्यांदा बाभळ, पुन्यांदा सुकली फांदी, उन्हं डोक्यावर येत्यात... म्हनून मी आपलं म्हनतो, "दिसला." ह्या एका शब्दावर मंडळात टिकलोय बघा.

आन् ताई म्हंजे कशी, तुमाला सांगतो, चिमणी दाखवली तरी इचारनार, "नर का मादी?" चुकीचं नाव घेतलं की भर माळावर हजेरी घेती. तिच्यापुढं कुनाचं काय चालत न्हाय.

मंडळ काढलं ते आमच्या अण्णाराव मास्तरांनी. अक्कलकोटकडचे, आता रिटायर. साखर डोळ्यात उतरली. डॉक्टर म्हनले, आता फार दिवस दिसायचं न्हाय. म्हाताऱ्याचं एकच मागनं, डोळं जायच्या आत एकदा माळढोक बघायचा. ल्हानपनी वडलांच्या खांद्यावर बसून बघितला हुता म्हनं. हा एवढा उंच, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. आता ऱ्हायलाय कुटं तो? दर रविवारी आमी नान्नजच्या माळावर, आन् दर रविवारी रिकाम्या डोळ्यांनी माघारी.

तर ह्या थंडीत एकदा अण्णा चालता चालता थांबले. हात पुढं केला. "तितं... गवतात. पांढरी मान... काळी टोपी... नोड्री, नोड्री!" अण्णा भरून आले की 'बघा, बघा' बी कानडीत म्हनत्यात.

समद्यांनी दुर्बिणी लावल्या. मी बी लावली. आन् काय सांगू, जन्मात पहिल्यांदा मला लख्ख दिसलं! हद्दीचा दगड. नवा चुना मारलेला. आन् त्याच्या डोक्यावर काळा कोतवाल पक्षी बसलेला, शेपूट हालवत.

मी ताईकडं बघितलं. आता ही सांगनार, म्हनलं, हिला ऱ्हावनार न्हाय. ताईनं तोंड उघडलं... आन् मिटलं. दुर्बिणीची काच पुसत बसली. अण्णा वळले ते नेमके माज्याकडं. "सयाजीराव, दिसला का?"

आता काय म्हनावं! इतकी वर्सं काय बी दिसत नसताना 'दिसला' म्हनत आलो, जीभ कदी अडखळली न्हाय. आन् त्या दिशी धडधडीत दिसत हुतं, तर शब्दच फुटंना. अण्णांच्या गालावर पानी आलं हुतं. लई वाईट वाटलं मला.

"दिसला, अण्णा," म्हनलं. "लई देखना हाय."

मागनं ताई हळूच म्हनली, "नर हाय, अण्णा."

आता अण्णांना निस्ता उजेड कळतोय. पर रविवार चुकवतील तर शपथ! आन् हात कुनाचा धरून येत्यात? माजा! "तुमी बघायचं आन् मला सांगायचं, सयाजीराव." समद्या मंडळात इश्वास ठेवायला मानूस घावला तो मी! ताईनं पक्ष्यांचं पुस्तक दिलंय, गिऱ्हाईक नसलं की दुकानात पाठ करत बसतो. वैजयंती झोपलेली असती, मी उठून च्या ठेवतो. दोघांचं एकट्याला बघायचं, चेष्टा हाय व्हय?

आन् माळावर त्या जागी आलो की अण्णा माजा हात दाबत्यात. "सयाजीराव, हाय का वो तो?"

"हाय की, अण्णा. जागचा हालत न्हाय."