पुसलेल्या ताटांचं पुस्तक

ट्युनिसची शेअर टॅक्सी भरून सुटायला अजून एक माणूस कमी होता. मन्नूबिया खाला विहीणबाईंसाठी घेतलेला मकरूद मिठाईचा छोटा खोका मांडीवर धरून बसल्या होत्या. मागच्या सीटवर दोन पोरींचं चाललं होतं.

"इन्साफ, दाखव ना फोटो. दुपारी प्रकाशकाला हेच दाखवणार ना?"

"हा बघ. स्फॅक्सची मासळी."

"ही तर रिकामी ताटली आहे!"

"बाजूला काटे आहेत की."

"पुढचा?"

"जेर्बाचा कुसकुस."

"हीपण रिकामीच!"

"वास आला की फोनचं भान राहत नाही गं."

"आणि ही धुतलेली?"

"धुतलेली नाही, पावाने पुसलीय. अंड्यांचा रस्सा होता. कडेला लाल डाग बघ."

"महिनाभर देश पालथा घातलास आणि आणलंस काय, तर उष्टी भांडी! खाण्याच्या पुस्तकात एक तरी घास दिसायला नको?"

"रडवू नकोस हं, शिराज."

खालांना राहवलं नाही. त्यांनी दोरी सोडून खोका मागे धरला.

"घे पोरी. आत खजूर, वरून मध. पण आधी फोटो हं!"

"देव तुमचं भलं करो, खाला! शिराज, धर जरा. फोन कुठे गेला माझा?"

फोन पिशवीच्या पार तळाशी निघाला.

"हं, हात काढ आता... शिराज!"

"अगं, वासच तसा होता."

"खाला, तुम्हीसुद्धा?"

खालांनी बोटं चाटली.

"तू काढ की फोटो. तळाला मध आहे अजून."