बंड्याचं नाणं

— नाही नाही, चपला असू द्या पायात, फरशी अजून पुसलेली नाही. तर ही खोली. खिडकी एकच, पण वारा भरपूर. भिंतीवर काळे पट्टे दिसतात ना, ते यंत्रांचे. आधी इथे आमचा शेठ राहायचा — शेठ मीच म्हणायचे त्याला, चिडवायला, एक खुर्ची आणि म्हणे कंपनी! — त्यानं या भिंतीला लागून यंत्रं मांडली होती. कसली म्हणजे? ती इंटरनेटवरची नाणी नसतात का, हाताला लागत नाहीत ती, ती पाडायची यंत्रं. दिवसरात्र घरघर, आणि ऊब अशी की थंडीतही घाम फुटावा. मग मी काय केलं? दोऱ्या बांधल्या आणि अख्ख्या इमारतीच्या चादरी इथे वाळत घातल्या. तो बिचारा चादरींतून वाट काढत नाणी पाडायचा!

त्याआधी? त्याआधी काय केलं नाही ते विचारा. मोबाइलची कव्हरं विकली, शोभेचे मासे विकले — मासे मेले — मग श्रीमंत कसं व्हावं याचे वर्ग काढले, ते माझ्या गच्चीवर, कारण जागा घ्यायला पैसे नव्हते. घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा! — का हो, दचकलात का? म्हण आहे ती. बसा, बसा.

तर यंत्रं कमवायची त्याच्या दीडपट मीटर खायचा. बिल आलं तसा हा जिन्यात डोकं धरून बसला. बंड्या — आमचं मांजर हो — यंत्रावर ऐसपैस पसरलेला. त्याच्याकडे बघत बघत हा एकदम उठला. म्हणाला, "काकू, दुसऱ्यांची नाणी कशाला पाडत बसायचं? आपलंच काढू." आणि काढलं की! बंड्या नाणं. बंड्याचं तोंड, वर मुकुट. बंड्यासमोर कॅमेरा लावला, जगभरचे लोक बघत बसायचे — बंड्या झोपला की भाव जागच्या जागी, बंड्यानं जांभई दिली की भाव वर. लोकांना काय, कामधंदा नसतो. परदेशातून मुलाखती यायला लागल्या. वर कोट, खाली अर्धी चड्डी, आणि मागची भिंत कळकट दिसू नये म्हणून मी चादर ताणून उभी. एकदा शिंकले, तर पठ्ठ्या म्हणतो, "आमच्या कायदा विभागाच्या प्रमुख आहेत."

पैसा आला, गाडी आली, पण खोली नाही सोडली. मी म्हटलं, अरे, आता मोठं घर घे. तर म्हणे, बंड्या येईल का? आणि तुम्ही? — माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा औषध, डबा, हात धरून चालवणं, सगळं त्यानं केलं. पोटचा मुलगा आहे मला, तो मोबाइलच्या पडद्यातून हात हलवतो.

चूक एकच केली. छापून टाकलं — बंड्या एकमेव, दुसरा होणे नाही, नाण्यांची संख्या कधी वाढणार नाही. आणि बंड्या मादी! मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. आम्ही नाव ठेवलं ते गुण बघून, बाकीचं कोण बघत बसतं? झालं, माझ्या कपाटात पाच पिल्लं. मी आपली हौसेनं पिल्लं पदरात घेऊन फोटो काढला आणि नाणं घेणाऱ्यांच्या गटावर टाकला, आनंदाची बातमी म्हणून. लोक खवळले — एकमेव म्हणाला होतात, हे सहा कुठून आले? संध्याकाळपर्यंत नाण्याला कुत्रं विचारेना. आता म्हणतात, शेठनं त्याच दिवशी सकाळी गुपचूप आपली नाणी विकली आणि जगाला बुडवलं. त्यापायी पोर कोठडीत आहे.

हे तुम्हाला ठाऊकच आहे म्हणा. अहो, खोली बघायला आलेला माणूस आधी पाणी किती वाजता येतं ते विचारतो. तुम्ही आल्या आल्या मांजर विचारलंत. आणि भाड्याची पाटी मी लावलेलीच नाही. असू द्या, बरंच झालं आलात. लिहून घ्या — त्यानं एकही नाणं विकलं नाही. समोर लाल आकडे कोसळत होते आणि हा पिल्लांसाठी खोक्यात मऊ फडकं अंथरत होता! त्याला सकाळी कळणार कसं? मांजर पोटुशी आहे हेच त्याला माहीत नव्हतं. मांजर कपाटं हुंगत फिरायला लागलं की आज-उद्या विणार, हे ओळखायला नजर लागते. मी आदल्या दिवशीच ओळखलं, म्हणून तर सकाळी चहाच्या आधी लाल बटण दाबून माझी सगळी —

— काही नाही. खिडकीला जाळी बसवून देईन म्हणत होते.

बरं, दाबलं! भाड्यापोटी तो नाणीच द्यायचा मला. खातं त्यानंच उघडून दिलं, त्याच्या नावावर, कारण माझ्या कागदांवर जन्मतारखा दोन. माझं भाडं मी मोडलं, त्यात चोरी कसली? मांजर माझं, कपाट माझं. गच्ची गळत होती, ती दुरुस्त केली. आणि पिल्लं झाल्यावर फोटो काय मी —

काय म्हणालात?

कोण म्हणतो? तो? मीच विकली, असं स्वतःच्या तोंडानं म्हणाला? सही केली? आणि माझं नाव... एकदाही नाही घेतलं?

खोटं बोलतो मेला. त्याला विकायला जमतं का कधी? मासे विकताना गिऱ्हाइकाला म्हणायचा, याला जपा हं. आणि तुम्ही त्याचं ऐकून घेतलंत? मूर्ख पोरगा. महिनाभर मी इथे चादरी धुतेय आणि हा तिथे...

नाही, चहा नाही. उठा. उठा म्हणते ना, मला कुलूप लावायचंय. कुठे म्हणजे? तुमच्या कचेरीत, तुमच्याबरोबर. आणि खोलीचं विचाराल तर ती द्यायची नाहीये. भाडेकरू आहे तिला.