आज नेमकी बरी

आत्या : लिफ्टनं कशाला आणलीस तिला? चांगले चार मजले होते.

आई : ताई, हळू बोला ना. ऐकतेय ती.

आत्या : ऐकू दे. बघ, कशी टुणटुणीत बसलीय बाकावर. पाय काय हलवतेय! गाणं तेवढं म्हणायची राहिलीय.

आई : परवा उशीला टेकता येत नव्हतं हो तिला. छातीतून नुसती शिट्टी वाजत होती. आणि आज...

आत्या : आज नेमकी बरी! छातीच्या डॉक्टरांची तारीख मिळायला इतके महिने गेले, आणि आमच्या बाईसाहेबांना आजच मोकळा श्वास आलाय.

आई : लेक बरी आहे आणि मला रडू येतंय. कुठल्या आईला असं होतं?

आत्या : आपल्या गल्लीतल्या सगळ्यांना. डोळे पूस आधी. आत काय होणार सांगू? डॉक्टर छातीला नळी लावणार, 'स्वच्छ आहे' म्हणणार, 'काही झालं तर आणा' म्हणणार. माझ्या धाकट्याच्या वेळी हेच झालं.

आई : काही झालं की नेतोच की जवळच्या दवाखान्यात. मशीनची वाफ देतात, घरी पाठवतात. पुन्हा तेच. तिथली सिस्टर तर हिला लांबूनच हाक मारते, 'आली का चिमणी?' पाहुणी आल्यासारखी.

आत्या : नाव मात्र छान ठेवलंय हो.

आई : मला वाफ नकोय, ताई. आमच्या लाँड्रीच्या मॅनेजरबाईंच्या मुलाला हाच आजार आहे. तो सकाळी दात घासले की औषधाचा पंप ओढतो आणि फुटबॉल खेळायला जातो. रोज! मी त्यांच्या घरचे कपडे इस्त्री करते ना, त्याच्या मोज्यांना गुडघ्यापर्यंत चिखल असतो. मला तो रोजचा पंप हवाय. बाकी काही नको.

आत्या : ते नदीपलीकडचे, बाई. त्यांनी नुसतं 'मुलाला दम लागतो' म्हटलं की पुरतं. आपण तोंड उघडलं की बोलीवरून कळतं कुठले ते. समजावून सांगायला लागलो की समोरचा घड्याळ बघतो. आपल्याला पोर धापा टाकतानाच दाखवावी लागते.

आई : म्हणून काय पळवू तिला?

आत्या : पळव कुठं म्हणतेय? जिन्यानं खाली, जिन्यानं वर. धाकट्याला मी असाच नेला होता. तेव्हा कुठं डॉक्टर खुर्चीतून उठला.

आई : आणि दिला रोजचा पंप?

आत्या : वाफ दिली.

आई : घ्या!

आत्या : पण लगेच दिली! ताटकळत नाही ठेवलं.

आई : नाही. मी नाही असलं काही करणार. परवा ओठ निळसर झाले होते तिचे. जिन्यातच कोसळली तर?

आत्या : हॉस्पिटलातच आहोत की.

आई : ताई!

आत्या : बरं बाई, राहिलं. पोर तुझी, मी कोण? जीव तुटतो म्हणून बोलते. चिमणे, ये गं, पाणी पी... अगं, ही कुठं गेली?

आई : आत्ता इथं होती. चिमणे!

आत्या : बाथरूमला गेली असेल.

आई : चपला इथंच आहेत. बाकाखाली. चपला काढून कोण जातं बाथरूमला? ताई, जिना कुठल्या बाजूला आहे?

आत्या : त्या खांबाच्या मागं... अगं, ती बघ. आली.

चिमणी : आई... ऐक... वाजतेय.

आई : काय केलंस तू हे?

चिमणी : खाली... आणि वर. पळत. पाय... वाजू नयेत म्हणून... चपला काढल्या.

आत्या : अगं माझे आई! मी तुला सांगितलं होतं का गं?

चिमणी : आईला... सांगत होतीस.

आई : बोलू नकोस. पुढं वाक. हात गुडघ्यांवर ठेव. हळू सोड, हळू.

आत्या : आपलाच नंबर पुकारला. मला आत सोडणार नाहीत, तू हो पुढं. उचल तिला. जीभ झडो माझी.

(डॉक्टरांच्या खोलीत. आत्या बाहेर.)

डॉक्टर : अरे, हिला तर चांगलीच धाप लागलीय. कधीपासून?

आई : आत्ताच.

डॉक्टर : आत्ताच कसं असेल? तुमच्या वस्तीतून येणाऱ्यांचं हेच असतं, अगदी टोकाला गेल्यावर आणता. सिस्टर, हिला खाली इमर्जन्सीत पाठवा, वाफ द्यायला सांगा. आजची तपासणी राहू दे. बाई, नवी तारीख घेऊन जा.

आई : नवी तारीख?

डॉक्टर : मग? अशा अवस्थेत नळीत फुंकायची तपासणी होत नाही.

आई : वाफ द्या. पण तारीख नको, डॉक्टर. पाया पडते. ही सकाळपासून ठणठणीत होती. आत्ता जिना उतरून चढून आलीय. मुद्दाम.

डॉक्टर : मुद्दाम? दम्याच्या मुलीला जिन्यावर पळवलंत तुम्ही?

चिमणी : आईनं नाही. मीच.

डॉक्टर : का गं?

चिमणी : बरी दिसले... तर घरी पाठवता.

डॉक्टर : असं कोण म्हणालं तुला?

आई : कोणी म्हणायला कशाला हवं? टोकाला गेल्यावर आणता म्हणालात ना? आधीही आणते मी. दरवेळी आणते. तेव्हा म्हणतात, छाती स्वच्छ आहे, उगाच घाबरता. टोकाला गेली की म्हणतात, उशीर केलात. मग नेमकं कधी आणू? ते तरी सांगा एकदा.

डॉक्टर : बसा. तुम्ही बसा आधी. सिस्टर, खाली नको, मशीन इथंच आणा. बाळ, हा मास्क धर... अरे, हिला तर लावताही येतो.

आई : सवय आहे तिला.

डॉक्टर : रोज घ्यायचा पंप कोणीच लिहून दिला नाही? इतक्या वेळा वाफ लागूनही?

आई : कोणीच नाही.

डॉक्टर : हं. घर कुठंय?

आई : सिमेंटच्या गोदामासमोर. खिडकी लावली तर जीव गुदमरतो, उघडली तर ताटात धूळ. ते बदलता येईल का हो तुम्हाला?

डॉक्टर : नाही. ते माझ्या हातात नाही. पंप आहे. सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, मग चूळ भरायची. बरं वाटलं म्हणून बंद करायचा नाही. आणि थांबा इथंच. श्वास शांत झाला की आजच फुंकून बघू.

आई : थांबते. लाँड्रीत काय बोलायचं ते बोलू देत.

चिमणी : बरं असताना पण औषध?

डॉक्टर : बरं असतानाच. म्हणजे बरीच राहशील. पुढच्या महिन्यात मला दाखवायला यायचं.

चिमणी : बरी असले तरी?

डॉक्टर : बरी असलीस तरी.

चिमणी : आई, मग तेव्हा लिफ्टनं यायचं?