दोन माणसांच्या कमान्या

...नाही, मला एक सांगा, दोन इंच म्हणजे किती हो? पण या दोन इंचांपायी आमच्या गुणवंतने, तुम्हाला सांगतो, चार महिने शरयूवहिनींना धड जेवू दिलं नाही. त्या ताटात वरण वाढून राहिल्या आणि हा विचारून राहिला, "कमानी जड घेऊ की हलकी?" आता वरणभातात गाडीची कमानी काहून आणतो माणूस?

झालं असं, की गुणवंतची ती जुनी जीप. एकतीस वर्षं हा इथल्या फौजी ट्रकांच्या कारखान्यात होता, आणि काम काय, तर ट्रकांच्या कमान्या तपासायच्या. म्हणजे ते चाकांवरचे लोखंडी पाटे, एकावर एक रचलेले, ज्यांच्यावर सगळी गाडी तोललेली असते. रिटायर झाल्यावर दोघांनी शहपुऱ्याच्या पुढे एक तुकडा घेतला, पेरू लावले. दर रविवारी जायचं, डबा खायचा, झाडांशी बोलायचं, परत यायचं. पण शेवटचा एक किलोमीटर रस्ता असा, की नुसते दगड. एका रविवारी जीपचं पोट दगडावर बसलं... खर्रर्र. शरयूवहिनी खाली उतरल्या, डबा घेतला, आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांनी तो किलोमीटर चालत गेल्या. हा मागून पाहून राहिला. घरी आल्यावर म्हणाला, "गाडी उचलायची. दोन इंच."

दोन इंच हो, फक्त दोन इंच. पण तुम्ही कुणाला विचारून तर बघा.

शेजारचा अच्युत आला. तो मोबाइलवर व्हिडिओ बघून सगळं शिकलेला. "काका, दोन में क्या मजा, चार घ्या ना, गाडी शेर दिखेगी." गुणवंत म्हणाला, "अरे, चार उचलली तर चाकं फिरवणारा खालचा दांडा तिरपा होईल, ब्रेकचे पाइप ताणतील, आणि तुझी काकू चढेल कशी? शिडी लावू?" अच्युत म्हणाला, "मग लंबे शॅकल टाका, सस्ता पडेल." शॅकल म्हणजे कमानीला गाडीशी धरून ठेवणारी कडी. ती लांब केली की गाडी उंच होते खरी, पण स्टिअरिंग हातात राहत नाही, तुम्ही चाललात अधारतालला आणि गाडी म्हणते मी नाही येत. कुणी म्हणालं, चाकाच्या आसावर लोखंडी ठोकळे ठेवा. गुणवंतने त्या माणसाकडे असं पाहिलं, की त्याने चहा अर्धाच सोडला. पुढच्या चाकांवर ठोकळा? करकचून ब्रेक मारला आणि तो निसटला म्हणजे?

शेवटी हा कांचघरच्या धनेश मिस्त्रीकडे गेला. धनेश साठीचा, शांत, सगळं आयुष्य लोखंडात गेलेला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "देखिए भैया, ऊंचाई छोड़िए. नई कमानी बना देंगे, साथ में शॉकर लंबे, ब्रेक के पाइप लंबे. ये बताइए, सवारी कितनी बैठती हैं?"

आता यात अवघड काय होतं? वजन पाहूनच कमानी करतात. चार माणसांची कमानी दोघांसाठी घातली तर दबतच नाही, गाडी उडते. हे गुणवंतला माहीत नव्हतं का? एकतीस वर्षं हेच तर पाहत होता. पण तुम्हाला सांगतो, मिस्त्रीने विचारलं आणि याच्या तोंडून निघून गेलं, "चार."

चार. मुलगा तनय सहा वर्षांपासून कॅनडात. मुलगी यशश्री बंगलोरला, दोन वर्षांत आली नाही. पण जीप घेतली तेव्हा मागच्या बाकावर ती दोघं भांडत बसायची ना, खिडकी माझी, खिडकी माझी... तेच डोक्यात. धनेशने चारची कमानी घातली.

जीप दोन इंच वर झाली. काय दिसत होती हो! पण रविवारी निघाले, आणि जो पहिला खड्डा आला... धप्प. शरयूवहिनींचं डोकं वर छताच्या कापडाला. दुसरा खड्डा, डब्यातली भाजी मांडीवर. त्या परतल्या तेव्हा कमरेला गरम पाण्याची पिशवी. दगडावरून गाडी अलगद गेली म्हणा, पण बाई आडवी झाली. गुणवंत पायाशी बसून राहिला. म्हणाला, "चाकातली हवा कमी करून पाहतो."

वहिनी म्हणाल्या, "हवा राहू द्या. मी काय म्हणते, मागे शेणखताची दोन पोती ठेवू या कायमची. तेवढं वजन आलं की दबेल ना?"

"पोती कुठे ठेवायची?"

"तिथेच. तनय आणि यशश्रीच्या जागी."

त्या हे अगदी साधं बोलल्या हो, कपड्यांच्या घड्या करता करता बोलावं तसं. पण गुणवंत उठला, अंगणात गेला आणि जीपच्या मागच्या बाकावर बराच वेळ बसून राहिला. दुसऱ्या दिवशी धनेशकडे. दोन बोटं दाखवली. धनेशने हलके पाटे घातले, धक्के झेलणारे शॉकर नरम घातले, उंची तेवढीच ठेवली, दोन इंच. फक्त चहा पाजताना म्हणाला, "मेरे यहां भी अब दो ही हैं, भैया."

आणि गाडी अशी चालली... पाळणा. वहिनी जाता जाता झोपून गेल्या. तीन रविवार गुणवंत सुखात. चौथ्या बुधवारी तनयचा व्हिडिओ कॉल, "बाबा, येऊन राहिलो. मी, प्रणाली, छोटी, आणि यशश्री पण. पेरू दाखवायचे हं."

आता हसायचं की रडायचं?

सगळे बसले. सून-नातीसकट सहा जीव, तीन बॅगा, छोटीची खेळणी. जीप मागून अशी बसली, की दोन इंच गेले कुठे ते धनेशलाही सापडले नसते. दगडांचा रस्ता आला, खर्रर्र झालं, आणि सगळे उतरले. तनयने छोटीला खांद्यावर घेतलं, प्रणालीने डबा, यशश्रीने आईचा हात धरला, आणि निघाले गप्पा मारत. हलकी झालेली जीप वर आली, आणि गुणवंत एकटा, पहिल्या गिअरमध्ये, त्यांच्या मागे. यशश्री वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही पुढे जा ना, आम्ही येतो."

"नाही, दगड पाहून राहिलो," हा म्हणाला.

तुम्हाला सांगतो, रस्ता मोकळा होता, गाडी एकाही दगडाला लागत नव्हती. पण चार महिने खपून उचललेली जीप रिकामी, माणसं पायी, आणि हा बाबा क्लच दाबून गोगलगायीसारखा त्यांच्या मागे... काय करणार, तो एक किलोमीटर त्याला संपवायचाच नव्हता.